रविवारी अकरा वाजता रीस्टार्ट

“वायर आपोआप निघत नाही, मॅडम. कोणीतरी काढली आहे,” माझे वरिष्ठ मोहितकर साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

कागद माझाच होता. आमच्या सगळ्या केंद्रांतल्या कॉम्प्युटरची यादी. अपडेट झालेले हिरवे, न झालेले लाल. पानभर हिरवं आणि मधे एकच लाल ओळ. भामरागडकडच्या जंगलातल्या केंद्राची लॅब. चार महिन्यांपासून त्या कॉम्प्युटरचा आमच्या सर्व्हरशी संपर्कच नव्हता. त्याच भिंतीपलीकडचा ऑफिसचा कॉम्प्युटर मात्र हिरवा होता. म्हणजे नेट होतं, फक्त लॅबची वायर काढलेली होती.

“लॅबमध्ये कोण आहे?” मी विचारलं.

“शालू मडावी. टेक्निशियन. कॉन्ट्रॅक्टवर आहे, आणि कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपून राह्यलं. रिन्यूची फाइल माझ्याच टेबलावर आहे. तुम्ही जाऊन या आणि काय ते लिहून द्या. वायर तिनंच काढली असन तर मले सही करता येणार नाई.”

मी त्या वेळी इतकी चिडलेली होते की तिथल्या तिथे लिहून द्यायची माझी तयारी होती.

मी एका संस्थेत सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर आहे. राजुरा, कोरपन्यापासून थेट आलापल्लीच्या पुढच्या जंगलापर्यंत आमची लहान लहान आरोग्य केंद्रं आहेत. मी बसते चंद्रपूरला. ज्या केंद्राची गोष्ट सांगते आहे त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून नोकरीत आहेत, आणि मीही आहे.

माझं काम घरच्यांना अजून नीट कळलेलं नाही, म्हणून सोपं करून सांगते. कॉम्प्युटर चालवणारी जी मूळ यंत्रणा असते, ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यात चुका निघत राहतात. त्या सुधारण्यासाठी कंपनी जे पाठवते ते अपडेट. त्याचे दोन प्रकार. एक क्रिटिकल. म्हणजे घराच्या दाराची कडी तुटली आहे आणि ते चोरांना कळलं आहे. ती आजच्या आज बसवायची. दुसरा नॉन-क्रिटिकल. म्हणजे भिंतीला नवा रंग, खिडकीला नवा पडदा. झाला तर छान, नाही झाला तरी घर पडत नाही. गंमत अशी की आकाराने रंग-पडद्याचे अपडेट अवाढव्य असतात आणि कडीचा अपडेट एवढासा.

कोणता अपडेट कधी जाईल, हे मी ठरवते. आणि मी एक फार हुशारीचं काम केलं होतं. सगळे अपडेट, कडीचे आणि रंगाचे, एकाच मोटेत बांधून रविवारी सकाळी अकराला लावून दिले होते. रात्री लावता आले असते, पण आत जंगलात लायटीचा भरवसा नसतो, संध्याकाळी लोक मेन स्विचच बंद करून जातात. रविवारी सुट्टी. सकाळी साडेदहाला चौकीदाराने कॉम्प्युटर सुरू करून ठेवायचा, असं सर्क्युलरही काढलं. वर डेडलाइन टाकली. डेडलाइन म्हणजे ती वेळ झाली की समोरच्याला न विचारता कॉम्प्युटर स्वतःहून रीस्टार्ट होणार. लोक ‘नंतर’ वर क्लिक करून वर्ष वर्ष काढतात, त्यावरचा हा इलाज होता. मोहितकर साहेबांनी मीटिंगमध्ये या नियोजनाचं कौतुक केलं होतं. तेव्हा मी लाजलेही होते.

तर एका शनिवारी मी निघाले. आलापल्लीला मुक्काम केला. मुद्दाम रविवारी पोचायचं ठरवलं होतं. सुट्टीच्या दिवशी केंद्र शांत असेल, कोणाच्या कामात खोळंबा होणार नाही, असा माझा समजूतदार विचार.

केंद्राच्या दोन किलोमीटर अलीकडेच आमची गाडी बैलाच्या चालीने जायला लागली. रस्ताभर माणसं. बायकांच्या डोक्यावर मोहफुलांच्या टोपल्या, बाप्यांच्या खांद्यावर कावडी, उलट्या धरलेल्या कोंबड्या, एका सायकलवर तर चार माणसांच्या ओझ्याएवढी बांबूची सुपं. मी ड्रायव्हरला विचारलं, “जत्रा आहे का?”

“जत्रा कायची, मॅडम? बाजार आहे. इथी दर रविवारी राह्यते.”

केंद्राच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. व्हरांड्यात, झाडाखाली, पायऱ्यांवर, सगळीकडे माणसं. मी सुट्टीचा दिवस म्हणून जो रविवार निवडला होता, तो त्या केंद्राचा आठवड्यातला सर्वांत गर्दीचा दिवस होता. आसपासच्या पंचवीस-तीस पाड्यांतली माणसं आठवड्यातून एकदाच बाहेर पडतात. मोह विकतात, मीठ-तेल घेतात आणि त्याच फेरीत दवाखानाही करतात. दवाखान्यासाठी वेगळा दिवस काढून दहा-पंधरा किलोमीटर चालायला त्यांना सवड नसते. म्हणून हे केंद्र रविवारी उघडं आणि सोमवारी बंद असतं. ही गोष्ट चंद्रपूरला हजेरी बघणाऱ्या क्लार्कला माहीत होती. मी त्याच्या दोन टेबलं पलीकडे बसते. मी कधी विचारलं नव्हतं.

तरी माझा राग पुरता गेला नव्हता. लॅबमध्ये शिरले. तिशीची एक सडपातळ बाई पांढरा कोट घालून यंत्राच्या ट्रेमध्ये रक्ताच्या नळ्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, “बाहेर थांबा, बाई. नाव पुकारतो.”

“मी चंद्रपूरहून आले आहे. कॉम्प्युटरच्या कामाला.”

तिचा हात नळीवरच थांबला. कॉम्प्युटरच्या मागे नेटची निळी वायर होती. नीट गुंडाळी करून, रबर लावून, खिळ्याला टांगलेली.

“जोहार,” ती हात जोडून म्हणाली. “वायर मीच काढली. विचारायलेच आल्या असान ना?”

एवढा सरळ कबुलीजबाब मला अपेक्षित नव्हता. मी दोन दिवस उलटतपासणीची तयारी केली होती, ती फुकट गेली.

“काऊन काढली?” मीही नकळत तिच्याच भाषेत विचारलं. चंद्रपूरची असूनही ऑफिसात पुणेरी बोलायची मला खोड आहे, पण रागात आणि गडबडीत खरी भाषा बाहेर येते.

“ही ट्रे चालू आहे. दीड तास लागन. होऊ द्या, मग सांगतो. तवर बसा.”

मी बसले. दुसरं करणार काय?

बसल्या बसल्या ते यंत्र पाहिलं. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल नावाचा आजार आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मग हातापायांत असह्य कळा येतात. आईबापांकडून मुलांकडे येणारा आजार. रक्तात तो नेमका कोणत्या प्रकारचा आहे, ते हे यंत्र सांगतं. पण यंत्राला स्वतःचं डोकं नाही. ते जोडलेलं असतं कॉम्प्युटरला, आणि एका ट्रेचा सगळा हिशोब कॉम्प्युटरच ठेवतो. मध्येच कॉम्प्युटर बंद झाला की ट्रे वाया. मोठ्या माणसाचं रक्त नळीत शिल्लक असतं, पुन्हा लावता येतं. लहान मुलांचं बोट टोचून घेतलेलं रक्त म्हणजे दोन-चार थेंब, ते यंत्राने ओढून घेतलेलं असतं. पुन्हा टोचायचं तर मूल समोर पाहिजे.

ट्रे संपली. शालूने रिपोर्ट हाताने लिहायला घेतले आणि लिहिता लिहिता बोलायला लागली.

“दिवाळी झाल्यावरचा रविवार होता. ट्रे लावली होती, दहा लेकरं होती तिच्यात. बरोबर अकराले स्क्रीन निळी झाली. गोल गोल फिरून राह्यलं आणि लिहून आलं, बंद करू नका. मी नाई बंद केला. तीस टक्क्यावर जाऊन बसला तो, चार वाजेपर्यंत. बाजार उठला. लोकं कितीक थांबतीन? जंगलातून जायाचं राह्यते, अंधाराच्या आत घरी पोचा लागते.”

“मग?”

“मग काय? गेले सारे. पुढच्या रविवारी पुन्हा अकराले तेच. लालसूची पोरगी होती दोन्ही वेळेस. सुनी. नदीपलीकडून खांद्यावर आणली होती त्यानं. दोनदा बोट टोचलं, दोनदा कायीच हाती नाई. तिसऱ्या रविवारी तो आलाच नाई.”

तिने पेनचं टोपण लावलं, काढलं.

“चौथ्या रविवारी आणली. खाटेवर घालून, चार जणांनी. हातपाय सुजलेले, रडायचीही ताकद नव्हती, कण्हून राह्यली होती नुसती. आठ दिवस भरती होती इथी. त्या दिवशी मी वायर काढली, मॅडम. मले एवढंच समजलं का हे येते ते वायरीतून येते.”

मी केंद्राच्या डॉक्टरबाईंना नंतर स्पष्ट विचारलं, पहिल्याच रविवारी रिपोर्ट मिळाला असता तर हे टळलं असतं का? त्या म्हणाल्या, टळलंच असतं असं सांगता येत नाही. पण गोळ्या सुरू झाल्या असत्या. पाणी भरपूर पाजायचं, थंडी-उन्हाला जपायचं, कळ आली की वाट बघत बसायचं नाही, हे बापाला माहीत असतं. दुखण्याचं नाव तरी कळलं असतं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. मी ती मुलगी तेव्हा पाहिलीही नव्हती, तरी रविवारी अकराचा आकडा मी माझ्या बोटांनी टाइप केला होता, हे काही केल्या विसरता येईना.

पण तेव्हा लॅबमध्ये मी अजून साहेबी थाटातच होते. म्हणाले, “अहो, मग तक्रार करायची ना! वायर काढून ठेवायची ही कोणती रीत?”

शालू उठली. कपाटातून एक फाइल काढली आणि दोन कागद माझ्यापुढे ठेवले. आमच्या हेल्पडेस्कवर तक्रार केली की तिला नंबर मिळतो, तिला आम्ही तिकीट म्हणतो. त्या दोन तिकिटांचे प्रिंटआउट होते. तिने लिहिलं होतं: ‘रविवारी रक्त तपासणी चालू असताना कॉम्प्युटर बंद पडतो. कृपया रविवारी करू नये.’ खाली उत्तर होतं: ‘Update यशस्वी. तक्रार बंद.’ दोन्ही कागदांवर उत्तर अगदी सारखं, आणि दोन्हींखाली माझं नाव.

आठवलं मला. माझ्या स्क्रीनवर तो कॉम्प्युटर हिरवा दिसत होता. रविवारी कोण रक्त तपासतं, असं मनात म्हणून मी तिकीट बंद केलं होतं. दिवसाला पन्नास तिकिटं येतात. वाचायला एक मिनिट, बंद करायला एक क्लिक.

शालूनेच विषय बदलला. “चहा घ्यान का, मॅडम?”

चहा पिताना मी बाकीचं विचारून घेतलं. एका मंगळवारी तिने वायर लावून पाहिली होती. डेडलाइन केव्हाच उलटलेली, त्यामुळे दहा मिनिटांत कॉम्प्युटरने पुन्हा रीस्टार्ट घेतला, तोही ट्रे चालू असताना. कधी बंद पडेल त्याचा नेमच नाही म्हटल्यावर तिने वायर कायमची खिळ्याला टांगली. रिपोर्ट ऑफिसात द्यायला पेन ड्राइव्ह वापरायला लागली. तोच पेन ड्राइव्ह ऑफिसात, तोच बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात आणि तोच परत लॅबमध्ये. हे ऐकून मात्र मी चहाचा कप खाली ठेवला.

“शालूताई, तुमचं रविवारचं सोळा आणे खरं आहे,” मी म्हणाले. “पण आता माझं ऐका. याच महिन्यात एक क्रिटिकल अपडेट आला आहे. तुमच्या कॉम्प्युटरला चार महिने दाराला कडी नाही, आणि हा पेन ड्राइव्ह गावभर फिरून घरात येतो. व्हायरस शिरला तर एक ट्रे जाणार नाही, सगळ्या पेशंटचे जुने रिपोर्ट जातील. सुनीचाही.”

तिचा चेहरा पडला. “हे मले कोणी सांगतलंच नाई.”

खरं होतं. मी तिला बंद करू नका एवढंच सांगितलं होतं, तेही निळ्या स्क्रीनवरून.

आम्ही ठरवलं की शेवटची ट्रे संपेपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. त्या दिवशी तीन ट्रे झाल्या. मी नळ्यांवरची नावं वाचून दाखवत होते आणि ती रजिस्टरमध्ये टिक करत होती. साडेतीनला यंत्र मोकळं झालं. नेट इतकं बारीक की अपडेट त्यातून उतरायला दिवस लागला असता, म्हणून मी तो डिस्कवर सोबत नेला होता. आधी सगळ्या रिपोर्टची एक प्रत काढून घेतली. मग डेडलाइन काढली. रंगाचे, पडद्याचे सगळे मोठे अपडेट बाजूला ठेवले. फक्त कडीचा टाकला.

कॉम्प्युटरने रीस्टार्ट मागितला. मी शालूकडे पाहिलं.

“तुम्ही दाबा,” मी म्हणाले.

“मी नाई दाबत. मले भेव वाटते त्याचं.”

दारात एक माणूस उभा होता. डोक्याला पंचा, कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी, तिच्या हातात बाजारातला प्लॅस्टिकचा आरसा. तो शालूशी माडिया बोलीत काहीतरी बोलला. मग माझ्याकडे बघून, जुळवून जुळवून मराठीत म्हणाला, “आज मशीन झोपन का?”

तो लालसू होता आणि ती सुनी. महिन्याच्या गोळ्या न्यायला आले होते.

“वीस मिनिटं झोपन, भाऊ,” मी म्हणाले. “मग उठन.”

शालूने बटण दाबलं. निळी स्क्रीन आली. मी नोकरीत हजारो रीस्टार्ट केले असतील, एकाकडेही कधी बघत बसले नाही. चहाला जाते. त्या दिवशी मात्र खुर्चीवरून हलले नाही. जुनं मशीन, जुनी हार्ड डिस्क, आणि यंत्राचं सॉफ्टवेअर अपडेटनंतर रुसलं तर कंपनीचा माणूस नागपूरहून यायला आठवडा. तीस टक्क्यांवर आकडा थांबला तेव्हा शालूने माझा दंड धरला. लालसूही आत येऊन उभा राहिला. मग पस्तीस झाले, साठ झाले. अठराव्या मिनिटाला स्क्रीन उघडली. शालूने यंत्राचा प्रोग्राम सुरू केला, तपासणीसाठी ठेवलेली एक नळी लावली, आणि आलेख नेहमीसारखा उमटला.

“उठला!” लालसू म्हणाला आणि सुनीला घेऊन लगबगीने निघून गेला. बाजार उठायच्या आत त्याला मीठ घ्यायचं होतं. शालूने खिळ्यावरची निळी वायर काढून परत कॉम्प्युटरला लावली.

सोमवारी मी मोहितकर साहेबांना अहवाल दिला. त्यात एक रकाना होता: जबाबदार व्यक्ती. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“हे तुमचं नाव आहे.”

“हो.”

“वायर तुम्ही काढली का?”

“वायर काढायची वेळ मी आणली. तिची तिकिटं सोबत जोडली आहेत. उत्तरंही.”

“मॅडम, रिटायरमेंटला दोन वर्षं राह्यली तुमची. हे म्हणजे आ बैल मुझे मार झालं. मी हे वर पाठवलं तर तुमच्या सर्व्हिस बुकात लागन.”

“लागू द्या. तिच्याकडे सर्व्हिस बुक नाही, नुसतं कॉन्ट्रॅक्ट आहे.”

साहेबांनी अहवाल मिटला. मग म्हणाले, “त्या पोरीची तब्येत कशी आहे आता?” मी सांगितलं. त्यांनी शालूची फाइल ओढली आणि सही केली. पेन ड्राइव्हबद्दल तिला तोंडी समज द्या म्हणाले. मला मेमो मिळाला, ‘नियोजनात त्रुटी’. दोनच शब्द, पण बिनचूक. तो मी जपून ठेवला आहे.

मग मी एका एका केंद्राला फोन लावला. एकच प्रश्न, तुमच्याकडे गर्दी कधी असते? राजुऱ्याकडच्या केंद्रात खाणीची शिफ्ट सुटली की. कोरपन्याकडे सिमेंट कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, आणि कापूस वेचणीत तर संध्याकाळीच. बाकी ठिकाणी ज्याचा त्याचा बाजार. माझ्या तक्त्यात ‘सुट्टी’ असा रकाना होता, तो खोडून ‘बाजार’ लिहिलं. आता नॉन-क्रिटिकल अपडेट महिन्यातून एकदा, ज्या केंद्राला ज्या दिवशी सवड असेल त्या दिवशी जातात. क्रिटिकल थांबवता येत नाहीत, ते त्याच आठवड्यात जातात. पण आधी फोन करून. “ट्रे रिकामी आहे का?” एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. ही सोय कोणत्याही सर्व्हरमध्ये नाही.

एक काम राहिलं होतं. शालूचं पहिलं तिकीट मी पुन्हा उघडलं आणि खाली लिहिलं, ‘तक्रार खरी होती. चूक माझी होती. रविवारचे अपडेट बंद केले आहेत.’ उघडलेलं तिकीट या वेळी मी बंद करायचं नाही, तिने करायचं, असंही लिहिलं.

पंधरा दिवस गेले, तिकीट उघडंच. महिना गेला. माझ्या स्क्रीनवर त्या उघड्या तिकिटाची लाल ओळ रोज सकाळी दिसायची. शेवटी न राहवून फोन केला. “शालूताई, काही अडचण आहे का अजून?”

“अडचण नाई, मॅडम. अजून दोन-चार बाजार जाऊ द्या. मग पाहीन.”

मी घाई केली नाही. मला तो हक्कही नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी मी घरी भाजी निवडत होते. चारच्या सुमाराला फोन वाजला. हेल्पडेस्कचा मेसेज होता. तिकीट बंद झालं होतं, आणि शेऱ्याच्या जागी शालूने लिहिलं होतं: ‘Update यशस्वी. तक्रार बंद.’